जोत्याची उंची बायकांनाही विचारा

आमच्या घराच्या मागच्या भिंतीवर पुराच्या दोन खुणा आहेत. अंगणापासून मोजली तर पहिली पाच फुटांवर, २००५ सालची. ती सासऱ्यांनी ऑइलपेंटने केली होती. दुसरी साडेआठ फुटांवर, २०२१ ची. तोवर सासरे राहिले नव्हते, म्हणून स्टुलावर चढून ती माझ्या मुलानं केली. चिपळुणात अशा खुणा घरोघरी सापडतील. बाहेरगावचे पाहुणे आले की आम्ही त्या कौतुकानं दाखवतो, पाहुणे ‘बाप रे’ म्हणतात आणि चहा येतो.

पाहुण्यांना आम्ही दाखवत नाही ती तिसरी उंची. आमच्या घराचं जोतं. ते अंगणापासून फक्त अडीच फूट आहे. पाच फूट पाणी बघितलेल्या माणसांनी अडीच फुटांचं जोतं का बांधलं असेल? मैत्रिणींनो, आज मला तेच सांगायचंय, कारण माझ्या मते ही चूक आमच्या एकट्याच्या घरात झालेली नाही.

२००५ च्या जुलैत मुंबई बुडाली ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवसांत आमचं चिपळूणही बुडालं होतं. मी तेव्हा नवी सून होते, मुलगा दोन वर्षांचा. आमच्या जुन्या कौलारू घराचा पुढचा भाग पाण्यानं खचला. पुढच्या वर्षी बँकेचं कर्ज काढून तो नव्यानं बांधायचं ठरलं. ओटीवर बैठक बसली. सासरे, यजमान, दीर, गवंडी आणि ओळखीतले एक ओव्हरसिअर. मी आतून चहा आणून देत होते. सासूबाई दारात उभ्या होत्या. जोत्याचा विषय निघाला तशा त्या म्हणाल्या, “पाणी आलं होतं तिथवर जोतं घ्या, आणि वर आणखी तीन पायऱ्या घ्या.”

सगळे हसले. गवंडी म्हणाला, “काकू, तेवढं जोतं म्हणजे चिरा किती नि भराव किती! त्या पैशात वर खोली होईल.” दीर म्हणाले, “आई, एवढ्या पायऱ्या तुलाच चढायच्या आहेत, गुडघे काय म्हणतील?” आणि सासऱ्यांनी विषय संपवला, “असा पूर शंभर वर्षांतनं एकदा येतो. आपल्या हयातीतला येऊन गेला.”

जोतं अडीच फुटांवर थांबलं. वाचलेल्या पैशात हॉलला चकचकीत टाइल्स बसल्या.

तो शंभर वर्षांचा पूर सोळा वर्षांनी परत आला. २२ जुलै २०२१. आषाढी एकादशी होऊन दोनच दिवस झाले होते. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहाटे पाणी अंगणात आलं. अंगणातून ओटीवर यायला त्याला फार वेळ लागला नाही. आम्ही सासूबाईंना धरून पोटमाळ्यावर चढवलं. त्यांचं वय तेव्हा पंच्याहत्तर. ज्या गुडघ्यांसाठी पायऱ्या वाचवल्या होत्या, त्याच गुडघ्यांनी त्या अंधारात शिडी चढल्या. आत सहा फूट पाणी होतं. फ्रिज आमच्या डोळ्यांदेखत तरंगत फिरला आणि आडवा झाला. वेळ पडली तर बाहेर निघता यावं म्हणून मुलानं चार कौलं काढून ठेवली होती, त्यातून पाऊस अंगावर येत होता. मोबाइल बंद पडले. त्या दिवसात सासूबाई एकदाही म्हणाल्या नाहीत की मी सांगितलं होतं. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता कोणी म्हणेल, सासूबाईंचं ऐकलं असतं तरी काय फरक पडला असता, पाणी साडेआठ फूट होतं. मी हिशेब केला. पाच फूट आणि वर तीन पायऱ्या म्हणजे जोतं झालं असतं पावणेसात फुटांच्या आसपास. पाणी घरात आलंच असतं, पण पावणेदोन फूट, म्हणजे गुडघ्यापर्यंत. सहा फूट आणि पावणेदोन फूट यांत काय फरक असतो, हे ज्या बाईनं गाळ उपसलाय तिलाच विचारा. गुडघाभर पाण्यात ओट्यावरची शेगडी वाचते, कपाटाचे वरचे कप्पे वाचतात, भिंतीवरचे स्विचबोर्ड वाचतात. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, औषधं, देव्हारा, सगळं वाचतं. आणि म्हातारं माणूस पलंगावर बसून राहू शकतं, त्याला शिडीवर चढवावं लागत नाही.

पाणी ओसरल्यावर घरात वीतभर गाळ होता. तो चिकट, काळा, रॉकेल आणि गटाराच्या वासाचा गाळ कोणी काढला? पुरुषांनीही काढला, नाही म्हणत नाही. पहिले चार दिवस फावडी घेऊन सगळे होते. मग दुकानं सुरू करायची घाई, पंचनाम्यासाठी तलाठ्याची वाट, रांगा. घरातला उरलेला गाळ आम्हा बायकांच्या वाट्याला आला. भांड्यांच्या कडांमधला, शिलाई मशीनच्या पोटातला, पाट्यावरवंट्याच्या टाक्यांमधला, गोधड्यांच्या कापसातला. दिवाळीपर्यंत तो निघत होता. सरकारकडून कपडे-भांड्यांसाठी म्हणून घरटी दहा हजार रुपये मिळाले. त्यात एक गादी, एक शेगडी आणि थोडी भांडी आली.

म्हणून मी म्हणते, जोत्याची उंची ही गवंडीकाम नव्हे, बाईच्या पुढच्या तीस वर्षांच्या कष्टांची गोष्ट आहे. ती ठरवताना तिला चहा करायला आत पाठवू नका.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी आम्हाला फसवलं. त्याचा अर्थ एकदा आला की पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी, असा नाही. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, असा त्याचा अर्थ. तीस वर्षं एका घरात राहिलात, तर तेवढा पूर तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता साधारण चारात एक होते. पाटबंधारेवाले नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतल्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. निळ्या रेषेच्या पातळीचा पूर तीस वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता दहात सात. मुलीचं लग्न ठरवताना दहात सात धोका असेल तर आपण नाही म्हणू, आणि घर मात्र तिथेच अडीच फुटांवर बांधतो!

त्यात आपल्या कोकणातल्या नद्या आखूड. सह्याद्रीवर पडलेलं पाणी काही तासांत खाली उतरतं. २२ जुलैच्या त्या पावसात महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. आमची वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते. खाडीला भरती असली की नदीचं पाणी तुंबतं. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचेच दिवस. वरून पाऊस आणि खालून भरती, मधे गाळानं भरलेली नदी आणि तिच्या काठावर सखल भागात आमचं गाव. गाळ काढा म्हणून चिपळूणकर २०२१ च्या डिसेंबरात उपोषणाला बसले, ते योग्यच होतं. नदी मोकळी व्हायलाच हवी. पण नदीचं काम सरकार करील तेव्हा करील, जोतं आपल्या हातात आहे.

पुरानंतर गावात घरं उंच करण्याची लाटच आली. त्यात बघितलेल्या गोष्टी सांगते, कारण उंच करण्याच्याही तऱ्हा आहेत.

सगळ्यात सोपी वाटते ती भरावाची. डंपरनं माती आणायची, अख्खा प्लॉट चार फूट वर उचलायचा, भोवती भिंत घालायची आणि वर घर बांधायचं. आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीच्या शेजाऱ्यांनी असंच केलं. त्यांचं घर कोरडं राहायला लागलं, पण पूर्वी दोन्ही प्लॉटवर पसरणारं पाणी आता सगळं हिच्या अंगणात येतं. आता साध्या मोठ्या पावसातही तिच्या न्हाणीत पाणी शिरतं. भांडायला जावं तर ते म्हणतात, आमच्या जागेत आम्ही माती टाकली. एकानं भराव घातला की दुसऱ्याला घालावाच लागतो आणि ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचं घर खड्ड्यात जातं. बहुतेक वेळा ते एखाद्या एकट्या बाईचं असतं.

दुसरी तऱ्हा खांबांची. खाली पाणी जायला वाट मोकळी, राहायचं वर. नव्यानं बांधणाऱ्याला माझं सांगणं, हेच करा. फक्त खालचा मोकळेपणा टिकवा. आमच्याकडे दोन वर्षं झाली की पूर विसरतात, खाली भिंती घालून गाळे काढतात आणि भाड्यानं देतात. मग पुढच्या पुरात भाडेकरूचा संसार वाहून जातो आणि अडलेलं पाणी गल्लीत वाढतं ते वेगळंच. खाली स्कूटर, लाकूडफाटा, वाळत घातलेले कपडे एवढंच असावं.

तिसरी तऱ्हा जॅक लावून उभं घर उचलण्याची. आम्हाला ती जादू वाटली होती. पायाच्या वर भिंती थोड्या थोड्या फोडून खाली लोखंडी चॅनेल आणि जॅक बसवतात, सगळे जॅक एकसारखे फिरवत घर इंच इंच वर नेतात आणि खाली नवं बांधकाम भरतात. हरियाणातल्या मंडळींनी अशी कामं पार चेन्नई, केरळपर्यंत केलीत. पण मातीत बसवलेल्या जांभ्याच्या जुन्या भिंतींना हे झेपेलच असं नाही, तडे जातात. आधी चांगल्या इंजिनीअरला घर दाखवा. आमचं घर बघून इंजिनीअर नको म्हणाले, म्हणून आमचं जोतं आजही अडीच फुटांवरच आहे.

आणि किती उंच, हे मनानं ठरवायचं नसतं. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत पूररेषेच्या आतल्या बांधकामाचं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ४५ सेंटीमीटर, म्हणजे दीड फूट वर हवं असं म्हटलंय. ते वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि रडूही आलं. सासूबाईंच्या तीन पायऱ्या म्हणजे पावणेदोन फूट!

आता विम्याचं. घर बांधताना बँकेनं विमा उतरवायला लावला होता, त्यामुळे आम्ही निर्धास्त. पुरानंतर कागद काढले तेव्हा कळलं, तो विमा कर्जाच्या मुदतीपुरता होता. कर्ज मार्चमध्ये फिटलं, आम्ही पेढे वाटले आणि त्याच महिन्यात विमाही संपला. जुलैत पूर. शिवाय तो असता तरी फक्त बांधकामाचा होता. फ्रिज, कपाट, मशीन, गाद्या त्यात नव्हत्याच. घरातलं सामान हा बाईचा संसार, आणि कागदोपत्री त्याची किंमत शून्य.

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकानं सगळ्या कंपन्यांना घरांसाठी एक ठरावीक पॉलिसी द्यायला लावली आहे, ‘भारत गृह रक्षा’. तिच्यात पूर, वादळ, दरड यांचं नुकसान येतं. घराच्या इमारतीचा विमा उतरवला की तिच्या वीस टक्के रकमेचा, जास्तीत जास्त दहा लाखांचा, घरातल्या साध्या सामानाचा विमा आपोआप मिळतो. दागिने हवे असतील तर वेगळे सांगावे लागतात. भाड्यानं राहणाऱ्या बाईला नुसत्या सामानाचाही विमा घेता येतो. आमचा हप्ता वर्षाला किती आला सांगू? घरातल्या चार मोबाइलच्या एका महिन्याच्या रिचार्जएवढा. गल्लीत किती जणींनी घेतलाय म्हणून विचारलं, तर हाताच्या एका बोटावर मोजणी संपली.

पण माझी तक्रार पुढेच आहे. तो अर्ज भरताना मला घराचं क्षेत्रफळ विचारलं, भिंती कशाच्या, घर किती वर्षांचं, सगळं विचारलं. जोतं किती उंच, हे विचारलं नाही. म्हणजे पूररेषेच्या वर खांबांवर घर बांधणाऱ्यालाही तोच हप्ता आणि अडीच फूटवाल्या आम्हालाही तोच. मग पदरचे पैसे घालून घर उंच करणाऱ्याला काय मिळालं?

माझी भाची अमेरिकेत न्यू जर्सीत असते. तिकडे २०१२ च्या ऑक्टोबरात सँडी नावाचं वादळ आलं आणि किनाऱ्यावरची गावं बुडाली. नंतर तिथे अख्खी घरं उचलून खांबांवर ठेवली. ती सांगते, समुद्राकडे गेलं की रांगेनं उंच घरं दिसतात, खाली गाड्या लावलेल्या आणि वर दारापर्यंत लांबलचक जिना. तिथे १९६८ पासून पुराचा सरकारी विमा आहे आणि घराची खालची राहती जमीन किती उंचावर आहे, हे हप्ता ठरवताना बघतात. घर उंच केलं की हप्ता कमी होतो. तिथेही सगळं छान आहे असं नाही. ज्यांना उचलणं परवडलं नाही, त्यांच्यावर घरं विकून जायची वेळ आली. पण उंचीला किंमत आहे, एवढं तरी तिथल्या कागदावर लिहिलंय. आपल्याकडे विमा कंपन्यांनी आणि सरकारनं हे का करू नये? पूररेषेच्या वर जोतं घेणाऱ्याला हप्त्यात सूट द्या, घरपट्टीत सूट द्या, घर उंच करायला कमी व्याजाचं कर्ज द्या. पुरानंतर दहा हजार वाटण्यापेक्षा पुराआधी जोत्याला मदत केली, तर पुढच्या वेळी वाटायची घरं तरी कमी होतील.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही गटातल्या बायकांनी एक काम केलं. टेप आणि वही घेऊन गल्लीतल्या प्रत्येक घरी गेलो आणि दोन्ही पुरांच्या खुणा मोजल्या. घर, अंगणापासून पाणी किती, जोतं किती, घरात म्हातारं-आजारी कोण, माळ्यावर जायला वाट आहे का. आधी लोक हसले, “काय, जनगणना का?” पण आता कोणी बांधकाम काढलं की वही बघायला मागतात. एका नव्या सुनेनं तर आर्किटेक्टसमोर ती वही ठेवली आणि म्हणाली, “या आकड्याच्या वर.” तिचं जोतं सात फूट झालं. सासूसाठी जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आणि मधे टेकायला ओटा केला. पायऱ्यांचा प्रश्न असा सुटतो. जोतं खाली आणून सुटत नाही.

ज्यांना एवढं परवडणार नाही, त्यांनीही हात जोडून बसू नये. मीटर आणि स्विचबोर्ड वर घ्या. इन्व्हर्टर जमिनीवर ठेवू नका. माळ्यावर जायला शिडीऐवजी पक्का जिना करा, म्हाताऱ्यांना चढता येईल असा. घराचे कागद, बँकेची पुस्तकं, दाखले एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून जून लागताच वर टाका. घरातल्या सामानाचे मोबाइलवर फोटो काढून बाहेरगावच्या नातेवाइकाला पाठवून ठेवा, विम्याच्या वेळी उपयोगी पडतात. आणि विम्याची तारीख कॅलेंडरवर लिहा, गॅस सिलिंडरची लिहितो तशी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुमच्या घरी बांधकामाची बैठक बसेल तेव्हा तिथे बसा. चहा नंतर करा, नाहीतर दुसऱ्या कोणाला करू द्या. टाइल्सचा रंग आणि किचनचा ओटा एवढंच विचारतील, तेव्हा जोत्याचं विचारा. मागचं पाणी कुठवर होतं, लाल रेषा कुठे आहे, आपलं पाणी शेजारणीकडे तर जाणार नाही ना. लोक म्हणतील, बाईला काय कळतं बांधकामातलं. त्यांना सांगा, बांधकामातलं नसेल कळत, गाळातलं कळतं.

आमचं घर उचलता आलं नाही, पण मागच्या बाजूला वर एक खोली काढली आणि तिला बाहेरून जिना केला. काम सुरू होण्याआधी यजमानांनी सासूबाईंना खुर्ची टाकून अंगणात बसवलं आणि विचारलं, “आई, किती वर घेऊ?” त्यांनी भिंतीवरची २०२१ ची खूण बघितली आणि तीन बोटं वर केली.

तीन पायऱ्या घेतल्या.